दरबारातून मांत्रिकाला कोणी हाकलले?

मराठी कादंबरीच्या इतिहासात एक वाक्य असे आहे, की ते आम्ही विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत लिहिले, पुढे वर्गात शिकवले, आणि आता दरवर्षी मे महिन्याच्या उकाड्यात गठ्ठ्यांमागून गठ्ठे तपासताना पुन्हा पुन्हा वाचतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच : ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे बालपण संपवून मराठी कादंबरी हरिभाऊ आपट्यांच्या हाती वास्तवाच्या प्रौढत्वाला पोहोचली. ह्या वाक्याला आम्ही इतकी वर्षे पुरे गुण देत आलो. ते अर्धवट आहे आणि त्याच्या अर्धवटपणाची किंमत मराठी ऐतिहासिक कादंबरीने मोजली आहे, असे आमचे आता मत झाले आहे. मत एका दिवसात झालेले नाही. पण झाले आहे खरे, आणि ते येथे मांडताना आम्ही फारशी सौम्य भाषा वापरणार नाही.

बालपण-प्रौढत्वाची ही शिडी कोणी बांधली, हे शोधणे अवघड नाही. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. लगेच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ येतो, आणि मराठी समीक्षेला संभाव्यतेचा गज हातात मिळतो. जे घडू शकते ते कादंबरीत असावे. जे घडू शकत नाही ते वाचकाची रुची बिघडवते. मराठ्यांच्या काळात हा आग्रह आवश्यक होता, हे आम्ही नाकारत नाही. त्या कादंबऱ्यांतील राजपुत्र खरोखरच कंटाळवाणे आहेत. त्यांच्या विरहवर्णनांतून मार्ग काढणे हे आजही संशोधक विद्यार्थ्याच्या सहनशक्तीचे काम आहे. पण ‘मंजुघोषा’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत जे कबूल केले आहे त्याकडे आपण कधी नीट पाहिले काय? आपल्या लोकांची राहणी, आपल्या विवाहाच्या रीती अशा आहेत, की रोजच्या जगण्यात मनोरंजक असे काही सापडत नाही, अशा अर्थाची ती तक्रार आहे. तिला आपण पलायनवादाची कबुली म्हणून उद्धृत करतो. आम्हांला तीत आणखीही काही दिसते. बालविवाहाच्या समाजात प्रेमकथा लिहायची तर ती घरात घडवता येत नाही, हे त्या लेखकाला कळले होते. कथेला जागा हवी म्हणून तो दरबारात आणि अरण्यात गेला. ही त्याच्या समाजाविषयीची नेमकी समज होती.

आता थोडे मागे जाऊ. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो त्याचे नावच बाणभट्टाच्या शापांनी आणि पुनर्जन्मांनी भरलेल्या प्रणयकथेवरून आले आहे. वास्तववादाची दीक्षा घेतलेल्या वाङ्मयाने हे नाव तसेच ठेवले, हा विनोद आपल्या ध्यानात क्वचितच येतो. पण आमचा मुद्दा ‘कादंबरी’पेक्षा बाणाच्याच ‘हर्षचरिता’त अधिक स्पष्ट होतो. हर्षाच्या घराण्याचा मूळपुरुष पुष्यभूती ह्याची गोष्ट तिसऱ्या उच्छ्वासात आहे. दक्षिणेकडून आलेला भैरवाचार्य नावाचा शैव साधक राजाला ‘अट्टहास’ नावाची तलवार देतो आणि एक उपकार मागतो. कृष्णपक्षातील चतुर्दशीच्या रात्री तो प्रेताच्या छातीवर बसून त्याच्या मुखात होम पेटवतो. राजा तलवार उपसून पहारा देतो. जमीन फाटते, श्रीकंठ नाग वर येतो, राजा त्याला लोळवतो, पण त्याच्या खांद्यावरचे जानवे पाहून मारत नाही. मग लक्ष्मी प्रकटते. राजा वर मागतो तो साधकासाठी. लक्ष्मी त्याच्याबरोबर राजालाही मोठ्या राजवंशाचा मूळपुरुष होण्याचे वरदान देते. सातव्या शतकातला दरबारी लेखक आपल्या आश्रयदात्याच्या घराण्याचा आरंभ स्मशानात दाखवतो, आणि त्यात त्याला काहीही अवघड वाटत नाही. सत्तेची सुरुवात कोठून तरी अंधारातून होते, तिच्या पायाशी एक प्रेत असते आणि एका साधकाचे देणे असते, हे बाण स्तुतीच्या भाषेत सांगतो. हे स्तुतीत सांगता येते, ही त्याच्या वाङ्मयाची श्रीमंती.

भवभूती तर आपल्याच मुलखाचा, विदर्भातल्या पद्मपुरचा. त्याचे ‘मालतीमाधव’ बहुतेकांनी पाचव्या अंकासाठी वाचलेले असते. माधव हातात नरमांस घेऊन स्मशानात भुताखेतांना ते विकत हिंडतो. तेवढ्यात किंकाळी ऐकू येते. कराला चामुंडेच्या देवळात अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी देण्याच्या बेतात असतो. आपण हा अंक बीभत्स आणि भयानक रसांचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. नाटकाच्या उरलेल्या भागात काय चालले आहे, हे त्याच्याशेजारी ठेवून पाहत नाही. राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची आहे. तिचा बाप भूरिवसू हा अमात्य. तो राजाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून होकारासारखे ऐकू येणारे द्व्यर्थी उत्तर देतो. त्याने विद्यार्थिदशेत विदर्भाच्या अमात्याला, देवराताला, शब्द दिलेला आहे, की आपल्या मुलांची लग्ने लावू. तो शब्द पाळण्यासाठी कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका पडद्याआड राहून सारी सूत्रे हलवते. म्हणजे राजाला मालती हवी ती मर्जी राखण्यासाठी, बापाला जुना शब्द राखण्यासाठी, कापालिकाला सिद्धीसाठी. मालतीला स्वतःला काय हवे, हे विचारणारे दरबारात कोणी नाही. आणि जी विचारते ती कामंदकीदेखील एका राजकारणाचा भाग म्हणून विचारते. अघोरघंट जे उघड्यावर सुरा घेऊन करतो तेच राजा शिष्टाचाराने करत आहे. पाचवा अंक काढून टाकला तर उरते ती चतुर लग्नजुळवणीची गोष्ट. तो अंक आहे म्हणून दरबारातल्या प्रत्येक गोड वाक्याला सुऱ्याची धार येते.

आणि भवभूती मंत्रविद्येला सरसकट काळी ठरवत नाही, हेही विसरू नये. गुरूच्या वधाचा सूड म्हणून कपालकुंडला मालतीला पळवते ती श्रीपर्वतावर. तिला सोडवते ती सौदामिनी, तिनेही सिद्धी मिळवल्या त्या श्रीपर्वतावरच. विद्या एक, तिचे दोन उपयोग. एवढे सूक्ष्म राजकारण मराठी ऐतिहासिक कादंबरीत कोठे आहे, ते कोणी दाखवून दिले तर आम्ही आमचे शब्द मागे घेऊ.

ह्या परंपरेतून एकोणिसाव्या शतकात काय करता येत होते, ते बंकिमचंद्रांनी १८६६ साली दाखवले. त्यांच्या कादंबरीचे नाव ‘कपालकुंडला’, म्हणजे थेट भवभूतीचे ऋण. समुद्रकाठच्या अरण्यात कापालिकाने वाढवलेली मुलगी, त्याच्या बळीच्या वेदीवरून तिने सोडवलेला नवकुमार, त्यांचे लग्न. इथपर्यंत ही रानातली गोष्ट आहे. पण मग मोतीबीबी येते. ती आग्ऱ्याच्या दरबारात मुरलेली. अकबराच्या अखेरच्या दिवसांत सलीमऐवजी खुस्रूला गादीवर बसवण्याच्या खटपटीत तिचा हात. आणि तीच नवकुमाराची दुरावलेली पहिली बायको. दरबारात तिचा डाव फसतो तेव्हा ती त्याच कौशल्याने एक संसार मोडायला निघते, आणि रात्रीच्या रानात तिची गाठ कोणाशी पडते? कापालिकाशी. त्याचे दोन्ही हात मोडलेले आहेत. स्वतः बळी देणे त्याला आता शक्य नाही. त्याला दुसऱ्याचे हात हवे आहेत. दरबारी कारस्थान आणि कापालिकाचे अनुष्ठान एकमेकांना ओळखतात, कारण दोघांनाही माणूस साधन म्हणून लागतो. इंग्रजी रोमान्सचे वाचन पचवलेल्या एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटने हे लिहिले. त्याला संभाव्यतेचा गज ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये.

हिंदीत देवकीनंदन खत्रींनी १८९०च्या सुमारास निराळा मार्ग काढला. ‘चंद्रकांता’त तिलिस्म आहे, पण पुढे ‘संतती’त उलगडा होतो तो यंत्रांचा, कळींचा, औषधी भुकट्यांचा, उर्दू दास्तानांतली खरीखुरी जादूगिरी तेथे कारागिरी होऊन येते. तरीही राजवाड्याखाली आणखी एक राजवाडा असतो आणि वरच्याची किल्ली खालच्याकडे असते, ही कल्पना खत्रींनी सोडली नाही.

आणि आपण? रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त येऊ लागली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. हरिभाऊंनी तिला ‘उषःकाला’त भरदार केले. हरिभाऊंचा आम्हांला अनादर नाही. ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिणाऱ्याचा अनादर करणारे आम्ही कोण? मात्र त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली होती, हे विद्यार्थ्यांना सांगताना आपण एखादे बालपणीचे दुखणे सांगावे तसे सांगतो. ज्या रेनॉल्ड्सने लंडनच्या राजवाड्यांची रहस्ये लिहिली, त्यानेच फ्लॉरेन्सच्या पार्श्वभूमीवर लांडग्यात रूपांतर होणाऱ्या वॅग्नरची कथा लिहिली. दरबार आणि अंधारविद्या ही जोडी हरिभाऊंच्या पिढीच्या वाचनात होती. लेखनात शिरताना तिची मोडतोड झाली. कारस्थान ऐतिहासिक कादंबरीने ठेवले. अंधारविद्येला आधी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या कल्पित राज्यांच्या अद्भुत कथांत आसरा मिळाला, आणि पुढे तिने घरच बदलले : नारायण धारपांच्या वाड्यांत, माड्यांवर, मध्यमवर्गीय बिऱ्हाडांत ती राहायला गेली. (धारपांना आपण अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर उभे ठेवले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) गडावर राजकारण, वाड्यात भूत, अशी वाटणी झाली. वाटणी सोयीची होती. खरी नव्हती.

खरी का नव्हती, हे सांगायला कल्पनेची गरज नाही; आपली इतिहासाची साधने पुरे आहेत. ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांनी रायगडावर वैदिक पद्धतीने राज्याभिषेक केला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याने तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक केला. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ ह्या संस्कृत रचनेत पहिल्या सोहळ्यात कोणत्या देवतांची उपेक्षा झाली, कोणते अपशकुन घडले, ह्याची गोसाव्याच्या बाजूने मांडलेली सविस्तर तक्रार आहे. दरम्यान जिजाबाईंचे निधन झाले होते. एक राजा, दोन पुरोहित, दोन विद्या, साडेतीन महिन्यांचे अंतर. राजाने हे का मान्य केले? श्रद्धेने? दुखावलेल्या एका मोठ्या उपासकवर्गाला आपलेसे करण्यासाठी? आईच्या मृत्यूनंतरच्या पोकळीत? इतिहासकाराला येथे थांबावे लागते, आणि नेमकी येथेच कादंबरीकाराची हद्द सुरू होते. ह्या साडेतीन महिन्यांना केंद्रस्थानी ठेवणारी, त्यांतला ताण सोसणारी थोर मराठी कादंबरी आमच्या वाचनात तरी नाही.

कवी कलशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीत तो कपटी मांत्रिक होतो. संभाजीराजांच्या सगळ्या आपत्तींचे खापर ‘कलुषा’च्या माथी फुटते. बखरकाराच्या पूर्वजाला, बाळाजी आवजीला, संभाजीराजांनीच देहदंड दिला होता, हे ध्यानात घेतले की ह्या चित्रामागची शाई कोठली ते कळते. वा. सी. बेंद्र्यांच्या १९६०च्या चरित्राने ही बाजू उलटवली. पुढे ‘छावा’ने आणि तिच्यानंतरच्या कादंबऱ्यांनी कलशाला अखेरपर्यंत साथ देणारा मित्र केले, आणि ते न्याय्यच झाले, संगमेश्वरला पकडला गेल्यावर धन्याबरोबर मरण पत्करणाऱ्याला दुसरे काय म्हणावे? पण ह्या न्यायात काहीतरी हरवले. शाक्त उपासना जाणणारा, उत्तरेकडून आलेला एक पंडित मराठा दरबाराच्या ऐन मध्यभागी काय करत होता, जुन्या मुत्सद्द्यांना त्याची भीती का वाटत होती, राजाला त्याच्या विद्येतून काय मिळत होते, हे प्रश्न बखरीने द्वेषाने बुजवले आणि कादंबरीने प्रेमाने. मांत्रिक कलश खलनायक, तर मित्र कलश निष्पाप. दोघांना एका देहात वागवण्याची ताकद बाणाकडे होती. आमच्याकडे नाही.

ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांचा पत्रव्यवहार पारसनिसांनी छापून आणि राजवाड्यांनी त्याची उलटतपासणी करूनही शतक लोटले. पेशव्यांचे गुरू, पेशव्यांचेच सावकार. एका हाताने आशीर्वाद, दुसऱ्या हाताने कर्जाचा तगादा. रणांगणावर कोणाला न भिणारा बाजीराव ह्या गोसाव्याच्या रोषापुढे काकुळतीला येतो. शापाची भीती आणि व्याजाची भीती त्या पत्रांत एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. ह्यापुढे आणखी कोणते अद्भुत हवे?

मांत्रिक गेला म्हणून अद्भुत गेले, असे मात्र झाले नाही, आणि आमच्या भांडणाचे खरे कारण हेच आहे. अद्भुताला दरबारात जागा उरली नाही तेव्हा ते नायकाच्या अंगात शिरले. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्या ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहाव्यात. नायकाची नजर पडताच माणसे बदलतात. त्याला शत्रूचा बेत आधीच उमगलेला असतो. त्याच्या जन्मावेळी आभाळ गरजते, जखमांना तो दाद देत नाही, घोडादेखील त्याचे मन ओळखतो. निवेदक त्याच्याविषयी कधी साशंक होत नाही. साशंक होणारी पात्रे सरतेशेवटी लज्जित होतात. ह्याला आपण वास्तववादी ऐतिहासिक कादंबरी म्हणतो! मराठ्यांचा गज चामुंडेच्या देवळापाशी कडक होतो आणि सिंहासनापाशी वाकतो. कापालिकाला काय हवे, तो कोणाला बळी देणार आहे, हे वाचक विचारू शकत होता. अंगभूत चमत्कार धारण करणाऱ्या नायकाला तो काहीच विचारू शकत नाही. हात तेवढे जोडू शकतो. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेत कादंबरीच्याच पुस्तकात कादंबरीकाराला चार अवघड प्रश्न विचारून ठेवले, हा मराठीतला विरळा प्रसंग. पण वाचक प्रस्तावना ओलांडून गेला, आणि आज कादंबरीतले प्रसंग इतिहास म्हणून भाषणांत सांगितले जातात, आणि त्यांच्याविषयी शंका घेणाऱ्या शिक्षकाला वर्गातदेखील शब्द मोजून बोलावे लागते. आम्ही हे ऐकीव सांगत नाही.

आमच्यावर घेतला जाणारा आक्षेप आम्हांला माहीत आहे, आणि तो हलका नाही. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाली, ज्या राज्याला त्याच वर्षी नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे तुम्ही कादंबरीत मांत्रिक परत आणा म्हणता? मंडळातच एका सहकाऱ्याने हा लेख वाचून हाच प्रश्न केला, आणि आमची त्यावर दोन संध्याकाळी वादावादी झाली. आमचे उत्तर असे. भवभूतीचा अघोरघंट वाचून कोणी कापालिक झाल्याचे आम्हांला ठाऊक नाही. त्या नाटकात त्याला भूक आहे, स्वार्थ आहे, आणि माधवाच्या तलवारीने मरणारे शरीर आहे. मंत्राची भीती जेथे कथेत उघड मांडली जाते तेथे ती तपासता येते. दाभोलकरांचे सारे काम बुवाला प्रश्न विचारण्याचे होते. आणि प्रश्न विचारायला बुवा समोर बसलेला लागतो, राजाच्या तेजात विरघळून गेलेला नव्हे.

अलीकडच्या बाजारातील त्या जाड पुस्तकांविषयीही बोलले पाहिजे, ज्यांच्या मुखपृष्ठावर कवटी, मुकुट आणि अर्धे झाकलेले स्त्रीमुख असते. नाही तर आम्ही त्यांचीच तरफदारी करतो आहोत असे वाटायचे. त्यांतला अघोरी नेहमी काळा, परका, जटाधारी. राजा नेहमी गोरा आणि भोळा. कटाचे मूळ नेहमी एखादी महत्त्वाकांक्षी राणी. तेथे अंधारविद्या सत्तेवर प्रकाश पाडत नाही, तिला निर्दोष ठरवण्याच्या कामी येते. चिटणिसाच्या बखरीची ही दृक्श्राव्य आवृत्ती होय. ह्याला आम्ही परंपरा म्हणत नाही.

गेल्या वर्षी प्रश्नपत्रिका काढण्याचे काम आमच्याकडे होते. ‘अद्भुताकडून वास्तवाकडे’ हा ठरलेला प्रश्न आम्ही गाळला आणि त्याऐवजी ‘हर्षचरिता’तील त्या रात्रीचा भाषांतरित उतारा देऊन विचारले : येथे राजा कोणाचे रक्षण करत आहे, आणि का? बहुतेकांनी पाठ केलेले उत्तरच वळवून लिहिले. अद्भुतरस, अतिशयोक्ती, अंधश्रद्धा. एका मुलीने मात्र पानभर लिहून शेवटी एक प्रश्नच टाकला होता, की होम ज्याच्या मुखात पेटला ते प्रेत कोणाचे होते, ते उताऱ्यात का सांगितलेले नाही. आम्ही मूळ पुन्हा काढून पाहिले. बाणाने त्या मृताला रक्तचंदन लावले आहे, तांबडी माळ घातली आहे, तांबडे वस्त्र नेसवले आहे. नाव दिलेले नाही. तिला किती गुण द्यावेत ह्यावर आमच्यात एकमत झाले नाही.